चुलीपाशी राहिलेली दाढ

लवंगेचा वास आला की अजूनही मला एकाच वेळी दोन जागा आठवतात. एक मुंबईतला दातांचा धर्मादाय दवाखाना, जिथं मी सकाळी फरशी पुसून, चिमटे उकळत ठेवून लवंगतेलाची निळी बाटली टेबलावर मांडतो. आणि दुसरं धाडच्या अलीकडचं, मळ्याला लागून असलेलं आमचं घर, जिथं वहिनी चूल पेटवण्याआधी लवंग ठेचून डाव्या दाढेत दाबायची, पदराचं टोक गालाशी धरायची आणि मगच फुंकणी हाती घ्यायची. बाटलीतला वास स्वच्छ, एकटा. घरच्या वासात धूर असायचा, शेण असायचं, रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या श्वासाची आंबट ऊब असायची.

शाळा माझी सातवीतच सुटली. दूरच्या नात्यातल्या एका माणसाच्या ओळखीनं इथं चिकटलो, आणि रोगी वाट पाहता पाहता बाकावर विसरून जात ती मासिकं वाचून जे काही शिकलो तेवढंच माझं शिक्षण. दवाखान्यानं मला भाकरी दिली, निजायला जिन्याखालची जागा दिली, हे मी कधी विसरलो नाही. उलट ते इतकं आठवत राहतं, की काही मागायचं म्हटलं की मी आधी न सांगितलेलं एखादं काम करून ठेवतो. तरीही दर दिवाळीला गावी जाऊन वहिनीचा सुजलेला गाल पाहून परतलो की मी दवाखान्याच्या चिटणीसांपुढे, म्हणजे नानांपुढे, उभा राहायचो. आमच्या भागात दातांचा डॉक्टर नाही. आहे तो आठवडी बाजारात गोणपाट अंथरून बसणारा, समोर उपटलेल्या दातांची रास मांडणारा माणूस. एखादं शिबिर तिकडे नेता आलं तर. नाना मान हलवायचे, पुढच्या वर्षी पाहू म्हणायचे. अखेर एका कापडाच्या व्यापाऱ्यानं, आम्ही त्यांना शेटजी म्हणायचो, आईच्या स्मरणार्थ देणगी दिली. तिच्यात एकच दिवस बसत होता. नानांनी तो दिवस माझ्या गावाला दिला, आणि मी त्यांच्या पाया पडलो.

माघाचा महिना होता. मलकापूरला गाडीतून उतरून जीपनं आम्ही घाट चढलो, तेव्हा दोन्ही अंगांना हरभऱ्यावर दंव होतं आणि कोवळं ऊन त्याच्यावरून असं सरकत होतं, जणू कुणी ओल्या पाटीवरून हलक्या हातानं बोट फिरवावं. नाना आणि शेटजीही बरोबर होते. डॉक्टर तरुण होते. गावात वीज नाही हे त्यांना मीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "चालेल. तोंडात पाहायला ऊन पुरतं. फक्त ते वाया घालवायचं नाही."

पण पाहुण्यानं उपाशीपोटी कामाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. शाळेच्या ओट्यावर डॉक्टरांची खुर्ची मांडायच्या आधी सतरंजी अंथरलेली होती. हार झाले, नारळ झाले. सरपंचांनी भाषण केलं, त्यात मला उभं करून "हे आपल्याच गावचं लेकरू" म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हेही खरं. शेटजींनी चार शब्द बोलायचे ते बरेच बोलले. आणि जेवण म्हणजे साधं जेवण नव्हतं. गावानं रोडगे घातले होते. गव्हाच्या जाड कणकेचे, पदरावर पदर देऊन वळलेले ते गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे म्हणजे निखारा म्हणेल तेव्हा जेवण. ज्या गावात निम्म्या माणसांना चावता येत नाही, त्या गावानं दातांच्या डॉक्टरांसाठी सगळ्यांत कठीण पक्वान्न योजलं होतं, कारण त्याहून मोठा मान आमच्याकडे नाही.

भाजणं गड्यांकडे होतं. पण कणीक मळायला, पदर लावायला आणि वांग्याची भाजी करायला वहिनीच हवी असं सगळ्यांचं म्हणणं. वांगी आमच्याच मळ्यातली. शाळेमागच्या निंबाखाली तिची चूल होती. मी मध्येच जाऊन म्हणालो, "वहिनी, तुम्ही आधी नंबर लावा, हे दुसरं कुणी पाहील."

"काऊन? अन् भाजी कोन पाहीन? तुमच्या शेटले खारट लागली त मंग?" तिनं पळी कढईच्या काठावर आपटली. "दाढ काई पळून नाई जाऊन राह्यली, भाऊजी. व्हा तिकडं."

शेजारी कणीक तिंबणारी म्हातारी हसली, "भाऊजीले मोठी घाई. सोताच्या लग्नाची बी एवढी घाई नाई याले बाप्पा."

पंगत उठली तेव्हा ऊन ओट्याच्या मधोमध आलं होतं. मग मात्र डॉक्टर यंत्रासारखे काम करू लागले. आधी मानकरी, मग बाप्ये, मग बाया, या क्रमाला कुणी हात लावू शकलं नाही, नानाही नाहीत. मी तामचिनीचं भांडं धरून उभा. ऊन एकेका तोंडात शिरत होतं, एकेक काळी दाढ उजेडात येत होती, बाहेर पडत होती, आणि ते ऊन मात्र इंचाइंचानं भिंतीकडे सरकत होतं. भांडं हातात असताना जागा सोडता येत नाही. मी फक्त मान वळवून निंबाखालचा धूर पाहत होतो. पाहुण्यांनंतर गावकऱ्यांची पंगत, गावकऱ्यांनंतर वाढप्यांची. धूर थांबेचना.

वहिनी आली तेव्हा मी चिमटे पुसत होतो. हातांना कणीक वाळलेली, कपाळाला राख. डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी तिला मावळतीकडे तोंड करून बसवलं, टॉर्च लावला, हनुवटी वर केली आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "खाली पू आहे. या उजेडात हात लावला तर जबडा बिघडेल. आम्ही तर आत्ताच परत निघालो. यांना मुंबईला घेऊन या ना."

मागे उभे असलेले शेटजी तेवढ्यात म्हणाले, "भाजी यांनीच केली ना? वा. अशी चव आमच्याकडे नाही मिळत."

वहिनीनं पदर सारखा केला. "बांधून देऊ का थोडी? रस्त्यानं खासान."

आणि तिनं खरंच बांधून दिली. जीपकडे जाताना माझ्याजवळ थांबून इतकंच म्हणाली, "साऱ्या गावाचे दात पाह्यले, भाऊजी. घरचा चुलीपाशीच राह्यला." रागानं नाही, थट्टेनंही नाही, मीठ कमी पडलं हे सांगावं तशी.

मुंबईला ती आली नाही. मळा, गुरं, आणि दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, स्वभाव. ठणका असह्य झाला तेव्हा बाजारच्या दिवशी ती त्या गोणपाटवाल्यापुढे बसली. त्यानं वरचा तुकडा काढला, मूळ आतच राहिलं. आता ती एकाच बाजूनं खाते, आणि मी गेलो की रोडग्याचा खरपूस पापुद्रा माझ्या ताटात टाकून आतला मऊ गोळा आपल्याकडे ठेवते.

मला राग येतो; फार येतो. पण तो ठेवू कुठे, हे कळत नाही. शेटजींवर ठेवावा तर त्यांच्यामुळे गावातली कितीतरी माणसं त्या रात्री स्वस्थ झोपली. गावावर ठेवावा तर गावानं हातचं राखलं काय? देणगीदारांच्या सभेत मला बोलायला उभं केलं, तेव्हाही मी आभारच मानले. ते खोटे नव्हते, हीच तर अडचण. मागाहून नानांना एवढंच सुचवलं, की पुढच्या शिबिराला आपण आपले डबे नेऊ या. नाना हसले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वेडा आहेस. लोकांचं मन मोडेल."

पुढचं शिबिर मेहकरकडच्या एका गावाला निघालं. तिथंही सतरंजी होती, हार होते. मी सामान उतरवलं, खुर्ची उघडली, आणि कुणी काही म्हणायच्या आत देवळामागच्या धुराकडे चालत गेलो. एक बाई चुलीपुढे बसली होती, एका गालाला पदर दाबून. वाफेतून लवंगेचा वास येत होता. भाजीचा असेल, किंवा नसेलही.

"बाई, दाढ दुखते का? पहिला नंबर तुमचा लावतो. आत्ता चला."

तिनं माझ्याकडे पाहिलं, जाळ जरा पुढे सारला, आणि हसून म्हणाली, "हाव, दुखते ना. पन पयले पाव्हने जेवू द्या."

मी तिथंच उभा राहिलो. देवळाच्या पुढच्या अंगाला भाषण सुरू झालं होतं, आणि ऊन चुलीच्या दगडावरून खाली उतरायला लागलं होतं.