ताईचा फोटो मागे होता

आर्वीत माझा फोटो स्टुडिओ आहे. आसपासच्या लग्नांच्या ऑर्डरी वर्षानुवर्षं माझ्याकडेच यायच्या. मग पिपरी मेघेचा एक तिशीतला फोटोग्राफर आला. त्याच्या फोटोत नवरी तेवढी लख्ख. मागचा मंडप, खुर्च्या, वाढपी सगळं विरघळलेलं. लोक त्यावर वेडे झाले. माझ्या फोटोत शेवटच्या रांगेतल्या मावशीच्या नाकातली चमकीसुद्धा दिसते, पण ती कोण बघतो? त्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो.

शेवटी त्याच्यासारखीच लेन्स घेतली. तिचं तंत्र सोपं: छिद्र जितकं मोठं उघडाल आणि माणसाच्या जितकं जवळ जाल, तितकं मागचं धूसर.

भाचीच्या लग्नात तो नवऱ्याकडून फोटो काढायला आला होता. भाचीची आई, म्हणजे माझी ताई, दोन वर्षांपूर्वी गेली. बुद्धमूर्तीशेजारी टेबलावर तिचा फ्रेम केलेला फोटो ठेवला होता. वंदना झाली आणि भाचीने माझ्याकडे एवढंच मागितलं, आम्ही दोघं आणि मागे आई, असा एक फोटो.

मी कॅमेरा उचलला, तेवढ्यात तो शेजारी येऊन हळूच म्हणाला, "दादा, अ‍ॅपर्चर आठवर घ्या अन् दोन पावलं मांगं सरका. मांगचा फोटोबी आला पाह्यजे."

बरोबरच होतं त्याचं. छिद्र बारीक केलं, लांब गेलं की पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट येतं. हे तर मी जन्मभर करत आलोय. पण यानं मला शिकवावं? मी छिद्र पूर्ण उघडलं आणि एक पाऊल पुढे सरकलो.

अल्बम बघताना भाची त्या पानावर थांबली. दोघांच्या पापण्यांचे केस मोजून घ्यावेत इतके स्पष्ट होते. मधे एक तपकिरी डाग होता.

"मामा, माही आई तं यात दिसूनच नाई राह्यली."

मी पान उलटलं.

त्याने तोच क्षण माझ्या बाजूला उभं राहून टिपला होता, आठवर. भाचीच्या घरात आता तो फोटो मोठा करून लावलाय. त्यात ताईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसतो. भाचीकडे गेलो की मी त्यापुढे बराच वेळ उभा राहतो. घरच्यांना वाटतं, मामा बहिणीची आठवण काढतात. मी आधी फोकस कुठे चुकलाय का ते शोधत असतो. कुठेच चुकलेला नसतो. मग ताईकडे बघतो.