इलेक्ट्रॉनची रांगोळी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या सासूबाईंपासून विद्यार्थ्यांपर्यंत कोणीही सांगेल. पण त्या दिवशी ज्यांच्यावर मी भडकले, त्यांची आठवण आली की अजून ओशाळायला होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते, तेही हंगामी. तीन वर्षं झाली होती. आता कायम करायचं की नारळ द्यायचा, हे समितीसमोरच्या एका पाठावर ठरणार होतं. विषय घेतला अणूतला इलेक्ट्रॉन. तो सूर्याभोवतीच्या ग्रहासारखा ठरल्या वाटेने फिरत नाही. कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. हे डोळ्यांना दिसावं म्हणून प्रयोगशाळेतल्या काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर मी रांगोळीचे ठिपके दिले. मधे दाट, बाहेर विरळ. एक ठिपका म्हणजे इलेक्ट्रॉन एकदा तिथे सापडला. दीड तास वाकून कंबरेचा काटा ढिला केला आणि चहाला गेले.

परत येऊन बघते तो काय! काचसामान धुणाऱ्या मावशींनी सगळे ठिपके जोडून टाकलेले. एकात एक सुबक वर्तुळं, थेट जुन्या पुस्तकातल्यासारखी. हे चित्र चुकीचं आहे, हेच तर मला सांगायचं होतं! ठिपके देऊन कोणी अर्ध्यावर उठतं का, बाईंना वेळ पुरला नसेल, म्हणून त्यांनी आपला हातभार लावला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्कल गहाण ठेवलीय का, इथपर्यंत बोलले. त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात समिती आलीच.

पुसायला वेळ नव्हता. मग म्हटलं, बघा, आपण सगळे असंच करतो. इलेक्ट्रॉन इथे सापडला, तिथे सापडला, म्हणजे मधल्या वाटेने गेला असणार असं धरतो आणि रेघ ओढून मोकळे होतो. शेजारी चिमटीने नवे ठिपके टाकत गेले आणि तसेच सोडले.

समितीतले म्हातारे प्राध्यापक बराच वेळ दोन्हींकडे बघत होते. म्हणाले, "ती रेघ पोरांच्या डोक्यातून जाता जात नाही. आधी ती ओढून दाखवावी, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. कोणाची कल्पना?"

माझी, असं म्हणायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण मी मावशींना आत बोलावलं.

त्या आल्या त्या हात जोडूनच. "साहेब, चूक माझी आहे. बाईंना काढू नका."

कायम झाल्याचं पत्र आठवड्याने आलं. पण त्या क्षणी मला नोकरी आठवतही नव्हती. सगळ्यांदेखत मी त्यांचे जोडलेले हात धरले आणि म्हटलं, "मावशी, चुकले मी."