मंगळवारी दुपारी तीनचा होकार

डोरीन ग्रीनवूडइतकी हट्टी बाई इंग्लंडातल्या आमच्या टॉडमॉर्डन गावात दुसरी नाही. नवरा ट्रेव्हर जाऊन चार वर्षं झाली, तरी तिच्या लाँड्रीचं विजेचं बिल अजून त्याच्याच नावावर येतं. "नाव बदलायला फोनवर तासभर ताटकळायचं, त्यापेक्षा राहू दे की," म्हणते. आमच्या गावातल्या निम्म्या विधवांचं हेच. शेजारीच माझं केस कापायचं दुकान. मी तिला रोज बोल लावते आणि ती मला रोज चहा पाजते.

मार्चमध्ये वीज कंपनीचं पत्र आलं. 'श्री. ट्रेव्हर ग्रीनवूड, मंगळवारी दुपारी तीन वाजता आपण आमच्या दलालाला फोनवर होकार दिलात, आभारी आहोत. विजेचा नवा करार तीन वर्षांचा राहील.' दर जवळजवळ दुप्पट. त्या दरानं यंत्रं चालवायची म्हणजे दुकानाला टाळंच लागणार.

वीज कंपन्यांना गिऱ्हाईकं जुळवून देणाऱ्या त्या दलालाला डोरीननं माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. डेमियन नावाचा तरणा गडी.

"धंद्याच्या करारातून मागे फिरता येत नाही, मॅडम. चौदा दिवसांत रद्द करायची सवलत फक्त घरगुती ग्राहकांना. तोंडी होकारही पक्का धरतात, आणि आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे."

"अरे बाळा, होकार दिला कुणी? मंगळवारी आमचं गाव अर्धा दिवस बंद. एक वाजता कुलूप लावून मी घरी गेले होते."

"तुमच्या मिस्टरांनी दिला. दुकानाच्याच फोनवर. फार गोड माणूस."

"त्याला मी स्वतः पुरलंय रे!"

मग तो हळूच म्हणाला, "रेकॉर्डिंग पाठवतो. हा आवाज माझ्या नवऱ्याचा नाही, एवढं लिहून सही करा. करार रद्द होईल."

मला वाटलं, लुच्च्यांनी कुणाला तरी बोलायला बसवलं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दुकानात बसून आम्ही ते ऐकलं.

"ट्रेव्हर ग्रीनवूड बोलताय ना?"

कुणीतरी दोनदा घसा खाकरला, ट्रेव्हर खाकरायचा अगदी तसाच. "होय रे पोरा. बोल."

मागे एक ड्रायर कुरकुरत फिरत होता. तो कुरकुरणारा ड्रायर डोरीननं ट्रेव्हर गेल्यावर लगेच भंगारात दिला होता. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, तरी मला दाराकडे पाठ करून बसवेना. मी खुर्ची फिरवली.

"बायकोला विचारायचंय का?" डेमियन विचारत होता.

"ती घरी गेलीय. मंगळवार ना. मी असतो इथं."

"कुणीतरी नक्कल केलीय," मी म्हणाले. माझं मलाच ते खरं वाटेना. "सही कर गं, आणि मोकळी हो एकदाची."

डोरीननं पेन उचललं. कागद समोर ओढला. मग रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, शेवटचं वाक्य दोनदा ऐकलं आणि पेनाला टोपण लावलं.

"वेडी आहेस का? दुकान बुडेल!" मी ओरडलेच.

"हा तो नाही असं लिहून देऊ? त्याच्या तोंडावर?" तिनं कागदाची घडी घातली. "तीन वर्षांचा करार केलाय त्यानं. म्हणजे तीन वर्षं तरी तो कुठं जात नाही."