लिफ्टमधल्या पाटीवरची दोन अक्षरं

गुरुवार, १४ मार्च. सकाळी पाणी कमी. दहाला लिफ्टवाले दारात, हातात नोटीस. सहाला सभा.

दुपारी एवढंच लिहिलं होतं. बाकीचं आता लिहिते.

आमच्या इमारतीची जुनी लिफ्ट ते सव्वीस वर्षं चालवताहेत. हातातल्या पिशव्यांवरून माणसाचा मजला ओळखतात. मुलं त्यांना 'वरखाली काका' म्हणतात आणि तेही ओ देतात. सोमवारी पाचव्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात कोसळले, तेव्हा लिफ्टला कुलूप लावून, चावी खिशात टाकून ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आणायला धावले. आजोबा वाचले. पण तेवढ्यात सोसायटीच्या अध्यक्षांना दुखरा गुडघा घेऊन सात मजले चढावे लागले. त्याचीच ही नोटीस: लिफ्टमधल्या पाटीवरचा नियम सहा मोडला, नोकरी संपली.

"बाई, पाटीवर नेमकं काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. या वयात मला दुसरं कोण ठेवणार?"

मी खाली जाऊन पाटी वाचली. इंग्रजीत होतं: आणीबाणीतच जागा सोडावी, आय.ई. आग किंवा वीज जाणे.

"आय.ई. म्हणजे 'म्हणजेच'," मी म्हणाले. "ही दोनच कारणं. ई.जी. असतं तर 'उदाहरणार्थ' झालं असतं. मग तशी आणखी कारणंही चालली असती."

"इझी? म्हणजे सोपं ना?"

"तुमच्यासाठी सोपं झालं असतं खरं."

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या सिस्टर सांगायच्या, ई.जी.ने दार किलकिलं राहतं, आय.ई.ने कडी लागते. ही कडी लावली कोणी? बावीस वर्षांपूर्वी माझे यजमान सोसायटीचे सचिव होते आणि नियमांची इंग्रजी प्रत मीच केली होती. त्या सालची डायरी काढली. पान सापडलं: "नियम सहा. हे म्हणाले, उदाहरणार्थ आग, वीज."

सभेत अध्यक्ष म्हणाले, "पांढऱ्यावर काळं आहे. आग किंवा वीज. आजोबा पेटले होते का?"

लोक हसले. लिफ्टवाले हातातली चावी नुसती फिरवत राहिले.

मी उठले. "पाटी चुकली आहे. ई.जी. लिहायचं, तिथे आय.ई. लिहिलं. चूक माझी."

"तुमची? अहो, सगळ्या इमारतीचं इंग्रजी तुम्ही तपासता!"

"हो. माझीच."

मी ते पान उघडून डायरी पुढे केली. अध्यक्षांनी ती हातात घेतली. पान उलटसुलट पाहिलं. "हे आज दुपारी लिहिलं नसेल कशावरून?"

"खालची ओळ वाचा. मोठ्यानं."

ते वाचू लागले, "सातव्या मजल्यावरच्यांनी आपली शिडी नेली..." आणि थांबले.

"बावीस वर्षांपूर्वी 'उद्या देतो' म्हणाला होतात," मी म्हणाले.

पाचव्या मजल्यावरची सून आधी हसली, मग सगळेच. लिफ्टवाले तेवढे हसले नाहीत. ते अध्यक्षांच्या हाताकडे बघत होते. शेवटी त्या हातानं टेबलावरची नोटीस उचलली आणि फाडली.

साडेसात: शिडी परत आली. खालून दुसरी पायरी सैल आहे.