उपाशी यीस्टला जेवू घातलं त्याची गोष्ट

त्या रविवारी सकाळपासूनच धुळीचा वारा सुटला होता. आभाळ मातकट, ऊन डोळ्यांत टोचणारं, पावसाचं तर नावच नाही. अशा दिवशी माझ्या हातून जे झालं ते ऐकताना चहाचा ठसका लागेल. आधी कप खाली ठेवा बरं!

मी आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या लॅबवर वॉचमन. तिथल्या मॅडम मळीपासून स्पिरिट करणारं यीस्ट वाढवायच्या. दुष्काळात थोड्या पाण्यावर भागवील, असं. सोमवारी संचालक बघायला येणार. पसंत पडलं तर लॅब राहील, नाहीतर कुलूप!

शनिवारी मी विचारलं, "बाई, ह्या यीस्टच्या बाटलीतलं पाणी असं फिकं कावून?"

"मामा, यांच्या खाण्यातला एक घटक मी मुद्दाम देत नाही. प्रत्येकाच्या पोटात जनुकांचं एक बारीक कडं सोडलंय. नवा गुण त्या कड्यात, आणि तो घटक बनवायची युक्तीही त्यातच. यीस्टला पिल्लू फुटतं तेव्हा कड्याचीही नक्कल होते. ज्याला कडं नाही, तो उपाशी मरतो."

आता तुम्हीच सांगा, एवढ्यातलं माझ्या कानात काय राहिलं असेल? उपाशी!

रविवारी जीव थाऱ्यावर नाही. बसलो, उठलो, परत बसलो. भाकरी मोडली, अन् तशीच फडक्यात बांधून ठेवली. आमच्याकडं दुष्काळात परक्याच्या ढोरालाही पेंढी टाकल्याशिवाय माणूस पुढं जात नाही, आणि इथं ही लाखो लेकरं कुलपाआड! कपाटात एक पिवळी बाटली होती. मॅडम तिला यीस्टचं पंचपक्वान्न म्हणायच्या. कुलूप काढलं, हात धुतले, अन् यीस्टच्या बाटलीत दिली ओतून!

सोमवारी बघतो तर बाटली गढूळ, फसफसलेली. मी छाती काढून उभा. "बाई, बगा कसे तरारले!"

मॅडमनी डोकंच धरलं. "मामा! आयतं मिळाल्यावर कडं हवंय कुणाला? वाटणीत एका पिल्लाला मिळतं, दुसऱ्याला नाही. आता बिनकड्याचेच माजलेत!"

संचालकांपुढं मी स्वतःच सगळं कबूल केलं. एक जण म्हणाला, "लॅबमदी चारा छावणी काढली व्हय?" हसले सगळे, पण मुदत मिळाली.

मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कड्याच्या जाती असतात, मामा. हे मोकळं फिरणारं, लवकर हरवणारं. दुसऱ्याला वाटणीची गाठ असते, दोन्हीकडं एकेक पोचतं. तिसरं यीस्टच्या स्वतःच्या गुणसूत्रातच शिवायचं. मग गुणसूत्राची नक्कल झाली की त्याचीही होते. आता तेच करते. तुमच्या मायेपुढं दुसरं काही टिकायचं नाही!"

संध्याकाळी शेजारच्या दगडूला हे सांगितलं. हसून हसून त्याला खोकला लागला. मग हात जोडून म्हणाला, "आबा, उद्या आमच्या म्हातारीची एकादस हाय. तेवढा दिवस आमच्या दारात येऊ नका!"