पेटीमागची भिंत

आमच्या मामाजींइतका आत्मविश्वासानं चुकणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आईचे हे धाकटे भाऊ राहायचे चामोर्शीला, पण गडचिरोलीजवळ आमच्या घरी पोताई, म्हणजे भिंतींची रंगसफेदी, निघाली की त्यांना कसा कोण जाणे वास लागायचा आणि ते येऊन थडकायचे. खोलीला चुना किती, नीळ किती, डिंक किती, हे सांगण्याचा हक्क जणू ब्रह्मदेवानं त्यांनाच दिला होता. मोजपट्टीचा त्यांना भारी तिटकारा. खोलीच्या मधोमध मांडी घालायची, एक डोळा मिटायचा आणि वजाबाकी सुरू करायची. "भिंत तं कोनीबी मोजते बाप्पा. वजा काय करावं, थे समजलं पायजे!" दार वजा, खिडकी वजा, इथवर ठीक आहे हो. पण मामाजी धानाची ढोली वजा करत, देवाची फळी वजा करत, खुंटीवरच्या कपड्यांमागची भिंतसुद्धा वजा करत. "जे दिसत नाई थे रंगवून काय करता? उंदराले दाखवता?"

त्यांच्या स्वतःच्या घरी एकदा ढोली हलवली, तर मागं भिंतीवर मातीच्या रंगाची दुसरी ढोली उभी! मामी एक हात कपाळाला लावून, दुसऱ्यानं कोपऱ्यातली केरसुणी दाखवत म्हणायची, "माह्या घरात फडा हलवाचीबी चोरी हाय." सदरा शिवतानाही तोच हिशेब. जाकिटाखाली झाकली जाणारी पाठ ते जुन्या धोतराची लावून घेत. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात घाम निथळत असला तरी जाकीट काही निघायचं नाही.

मालगुजारी नुकतीच गेली होती, त्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला आरमोरीहून पाहुणे यायचे होते. वडील नव्हते. आधीची स्थळं फिसकटलेली. हेही गेलं असतं तर आईनं हायच खाल्ली असती. मामाजींनी बैठकीची खोली एका डोळ्यानं पाहिली, आईची सागवानी पेटी वजा केली आणि निळा रंग कालवून घेतला. रंग अगदी बरोब्बर पुरला, हे मान्य केलं पाहिजे. फक्त पाहुणे यायच्या सकाळी आईनं बसायला जागा व्हावी म्हणून पेटी आत नेली आणि भिंतीवर मातकट ठिगळ उघडं पडलं! मी बादली खरवडून कडेकडेनं कुंचला फिरवला, तरी मधला भाग कोराच राहिला. तेवढ्यात दारात रेंगीच्या बैलांचे घुंगरू वाजले. आई रडायच्या बेतात. मामाजी म्हणाले, "रडून काऊन राह्यली? मी हावो ना!" आणि ते ठिगळाला पाठ लावून बसले.

बसले ते बसलेच. मुलाचे वडील आले, मामाजींनी बसूनच हात जोडले. बहीण पोहे घेऊन आली, प्रश्न झाले. मग पाहुणे जेवायला शेजारच्या खोलीत जाऊ लागले. मुलाचे वडील म्हणाले, "चला मामाजी, जेवाले." "माहा उपास हाय." आतून मासोळीच्या रश्श्याचा वास येत होता आणि आमच्या या उपाशी माणसाचे डोळे पाणावले होते.

जेवण उरकून पाहुणे अंगणात निघाले, तेव्हा कुठे मामाजी उठून मागोमाग आले. पण आमच्याकडची रीत अशी, की घरच्या वडीलधाऱ्यानं पुढं चालत पाहुण्यांना गाडीपर्यंत न्यायचं. आणि काळ्या जाकिटाची पाठ तर ओल्या रंगानं निळीशार झालेली! मामाजींनी हात जोडले, पाहुण्यांकडं तोंड केलं आणि उलट्या पावली चालायला लागले. वाटेत वासराला अडखळले, तुळशीला धडकले, पण वळले नाहीत. मुलाचे वडील गहिवरून आईला म्हणाले, "बाई, असा अदबीचा मानूस मी पाह्यला नाई. पाहुन्याले पाठ दाखवत नाई! पोरगी आमची झाली." रेंगी वळणाआड गेली तशी मामाजी आत धावले. रश्श्यात भात कालवता कालवता मला म्हणाले, "सांग लेका, माहा अंदाज चुकला का?"

पेटी परत जागेवर गेली. पुढं दर पोताईला मामाजी ती वजा करायला यायचे. मग आई गेली आणि एका पावसाळ्यात मामाजीही गेले. चुना कालवताना आजही मला त्यांची फार आठवण येते.

परवा बहीण आरमोरीहून आली, तेव्हा आमची पोताई चालली होती. रंगाऱ्यानं पेटी ओढली. मागं ते मातकट ठिगळ जसंच्या तसं होतं. त्यानं कुंचला उचलला, तशी आता आजी झालेली माझी बहीण लगबगीनं पुढं झाली आणि म्हणाली, "तेवढं राहू दे भाऊ. तिथी आमचे मामाजी बसते."