दारामागच्या रेघा

आमच्या पांडेसऱ्यातली निम्मी पोरं माझ्या बायकोच्या मावशीच्या हातून जगात आली, आणि उरलेली निम्मी तिला न विचारता आली म्हणून तिचा त्यांच्यावर कायमचा राग होता. धुळ्याकडून नवऱ्यामागे सुरतेत आलेली ही ठेंगणी बाई जन्मभर सुईणपण करत होती. गल्लीतल्या सुनेला दिवस गेलेत, हे सुनेच्या आधी तिला कळायचं. खोलीच्या दारामागे ती गेरूने रेघा ओढायची. प्रत्येक गरोदर बाईची एक ओळ, दर सोमवारी एक रेघ. कोणती ओळ कोणाची, असं विचारलं की तिला अपमान वाटायचा.

मी तेव्हा सहा महिन्यांचा कॉम्प्युटर क्लास करून जगाचा उद्धार करायला निघालो होतो. जवळच्या धर्मादाय सूतिकागृहाला कोणा शेठने कॉम्प्युटर दिला आणि डॉक्टरबाईंनी मला प्रोग्राम करायला सांगितला. शेवटच्या पाळीची तारीख टाकायची, बाळंतपणाची तारीख काढायची. पण आमच्या खानदेशी बायका तारीख सांगतील तर ना! कोणी कानबाईच्या दुसऱ्या दिवशी म्हणे, कोणी पोळ्याच्या आदल्या दिवशी. मग मी सगळे सण तारखांसकट प्रोग्राममध्ये भरून टाकले आणि आठवडाभर स्वतःवरच खूश होतो.

मावशी बायकांना घेऊन तिथे यायची. गरोदर बायका घामाघूम होऊन बाकावर आणि पंखा मात्र कॉम्प्युटरवर, अशी माझी व्यवस्था होती. तिने पहिल्याच दिवशी पंखा बाकाकडे वळवला. मग म्हणाली, ‘आते तुम्ही भाईर जा, जवाईबापू. बाईमानूसनी गोट शे.’ मी उठलो, तर तिने कॉम्प्युटरवरही टॉवेल टाकला. त्याला कान नसतात, असं मी समजावलं.

‘मंग त्याले कसाले सांगतस?’ तिने विचारलं. याचं उत्तर क्लासमध्ये शिकवलेलं नव्हतं.

त्याच सुमारास माझ्याच बायकोला दिवस गेले. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, त्यामुळे माझ्या प्रोग्राममधली एकही पहिलटकरीण शेवटापर्यंत टिकत नसे. निदान घरची एक नोंद पूर्ण व्हावी म्हणून मी बायकोला माहेरी पाठवलंच नाही. ‘मी बायको आहे की नमुना?’ असं तिने विचारलं, तेव्हा मी हसलो होतो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एका सकाळी मावशी जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. ‘आज नही ते उद्या,’ ती म्हणाली. मी छापील कागद दाखवला. पाळी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशीची, म्हणजे अजून अकरा दिवस बाकी. मी कामासाठी चलथाणला निघालो होतो, पायात चपलाही घातल्या होत्या.

‘तुमना डबानी आखाजी कोन्ता सालनी शे?’

मी जागच्या जागी थांबलो. सण मी एक वर्ष जुन्या कॅलेंडरावरून भरले होते, आणि बायकोला दिवस गेले त्या वर्षी आखाजी अकरा दिवस आधी आली होती. त्या वर्षीचं कॅलेंडर अजून माझ्या डोक्यावरच लटकत होतं.

दुपारी कळा सुरू झाल्या. मावशीने पोटावरून हात फिरवला, तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं. आयुष्यभर घरी बाळंतपणं केलेल्या त्या बाईने क्षणभरही हट्ट धरला नाही. ‘रिक्षा बलावा,’ एवढंच म्हणाली. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरबाई मला म्हणाल्या, ‘थोडा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या.’ मी बाकावर बसून सगळ्यांसमोर रडलो.

बायको घरी आल्यावर मावशी सव्वा महिना रोज येत राहिली. एकदा तिने प्रोग्राममध्ये काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं, ‘मुलगी झाली. नोंद पूर्ण.’

‘आनि मनी पोर? ती कोठे शे यामा?’

तिची पोर म्हणजे माझी बायको. बाळंतपणानंतर आईसाठी माझ्या प्रोग्राममध्ये जागाच नव्हती. ती मी केली, पण पुढे तो कॉम्प्युटरच बंद पडला.

म्हातारपणी मावशी गावी गेली, तिथेच वारली. तिची खोली रिकामी करायला मी गेलो. दार लोटलं तर मागे सगळ्या ओळी होत्या. प्रत्येक ओळीत जन्माच्या जागी हळदीचं बोट होतं, आणि त्यापुढे आणखी सहा रेघा, आईच्या सव्वा महिन्याच्या. यांतली माझ्या बायकोची कोणती, हे मी मावशीला कधी विचारलंच नव्हतं.